प्लातेचा मागचा कोपरा

पेसाखचा सण झाला की शनिवारचं जेवण बंद, असं मलकाबाईंनी वाल सोलता सोलता लेकीला, तामारला, सांगून टाकलं. आई चिडून बोलली असती तर तामारने ते मनावर घेतलं नसतं, कारण मलकाबाईंचा राग चहा निवायच्या आत उतरायचा. पण आज त्या अगदी शांतपणे बोलल्या, बाजारात कोथिंबीर चांगली नव्हती हे सांगावं तशा. म्हणजे विचार पक्का झाला होता.

कारण तसं साधंच होतं. इस्राएलमध्ये, अश्दोदच्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात दर शब्बाथला, म्हणजे ज्यूंच्या शुक्रवार-शनिवारच्या विसाव्याला, सगळं खटलं जमायचं. मुलगा एलियोर लोदहून बायको सारित आणि पोरांना घेऊन शुक्रवारी दुपारीच यायचा, कारण शब्बाथ लागला की गाडी चालवायची नाही. रात्री बाहेरच्या खोलीत गाद्या पडायच्या. थोरली मुलगी युडिथ दोन गल्ल्या पलीकडे राहायची. ती शनिवारी सिनेगॉगमधून नवऱ्याला आणि मुलांना घेऊन चालतच यायची. जेवायला तेरा-चौदा तोंडं, आणि त्यांचं अन्न गरम ठेवायला एक जुनी प्लाता.

प्लाता म्हणजे विजेवर तापणारा सपाट पत्रा. इथे तो घराघरात असतो. शब्बाथला चूल पेटवायची नाही, बटण दाबायचं नाही, म्हणून शुक्रवारी दिवे लावायच्या आधी प्लाता चालू करायची, शिजलेल्या अन्नाची भांडी तिच्यावर मांडायची आणि जेवायच्या वेळी उचलायची. मलकाबाईंची प्लाता त्यांच्या नवऱ्याने, म्हणजे पिन्हासने, बंदरावर नोकरीला असताना आणलेली होती. पिन्हास जाऊन आता बरीच वर्षं झाली, प्लाता मात्र तग धरून होती. तिच्यावर चार भांडी मावायची. त्यातलं मधलं करपायचं आणि कडेची गार व्हायची. उरलेली भांडी मलकाबाई टॉवेलांत गुंडाळून ठेवायच्या, तरी निम्मी मंडळी कोमट भात खायची आणि छान झालंय म्हणायची. या 'छान झालंय'चाच मलकाबाईंना वीट आला होता. सारितचं स्वयंपाकघर मोठं आहे, तिला हौसही आहे, तर आता दर शुक्रवारी आपण दोघींनी लोदला जावं आणि बसून आयतं जेवावं, असं त्यांनी ठरवलं होतं.

ऐकायला ते किती सुखाचं वाटतं. पण आईला बसून वाढून घेताना तामारने जन्मात पाहिलं नव्हतं, आणि तिला ते पाहायचंही नव्हतं. सुनेच्या घरी पाहुणीसारखी खुर्चीत बसली की ही बाई वर्षाच्या आत म्हातारी होईल, अशी तिला मनापासून भीती वाटली. भीती बोलून दाखवायची सोय नव्हती. मलकाबाईंना कुणी म्हातारी म्हटलेलं चालत नसे.

तामार एकोणतीस वर्षांची होती. तिचं लग्न झालेलं नव्हतं, आणि त्यावर बोलायला अश्दोदमधल्या समस्त मावश्यांना भरपूर वेळ होता. शिक्षणाने ती इंजिनियर. आता योगायोग म्हणा की आणखी काही, किर्यात गातच्या ज्या छोट्या कारखान्यात ती नोकरी करायची, तिथे प्लाताच बनायच्या.

तामार येण्यापूर्वी कारखान्याचा मालक अव्नेर पत्रा कापायचा, त्याच्या खाली तापणारी तार बसवायचा, वर हात ठेवायचा आणि हात भाजला की प्लाता पास म्हणायचा. तामार आल्यापासून प्लाता आधी कॉम्प्युटरच्या पडद्यावर तापू लागली. सॉफ्टवेअरमध्ये प्लातेची आकृती उभी करायची. त्या आकृतीच्या प्रत्येक पृष्ठभागाला, म्हणजे वरचा पत्रा, खालच्या अंगाचे तुकडे, कडा, पायांच्या बैठका अशा सगळ्यांना सॉफ्टवेअर आपण होऊन नंबर देतं. मग कुठे तार आहे आणि कुठून उष्णता बाहेर जाते, ते पृष्ठभाग निवडून त्याला सांगायचं. तार नागमोडी जाते, त्यामुळे खालचे तुकडे ढीगभर असतात. एकेकावर माऊसने टिचकी मारत बसायचं, आणि मध्येच फोन आला की कुठवर आलो होतो ते विसरायचं.

या कामाला कंटाळून तामारने सोपी वाट धरली होती. एका प्लातेसाठी केलेली निवड कॉपी करायची आणि पुढच्या प्लातेत पेस्ट करायची. नंबरांची अख्खी माळ इकडून तिकडे जायची आणि तेवढे तुकडे पडद्यावर लाल व्हायचे. आकृती उलटी फिरवून लाल तुकडे बरोबर जागी आहेत ना ते बघायचं, की झालं. दिवसाचं काम घटकेत उरकायचं. अव्नेर तिला कॉपी-पेस्टची राणी म्हणायचा, आणि तिला ते आवडायचं. कशाला खोटं बोला.

आईचं बोलणं ऐकल्यावर तिने दुसऱ्याच दिवशी अव्नेरपुढे मोठ्या प्लातेचा विषय काढला. त्यालाही पेसाखच्या आधी दुकानांत काहीतरी नवं पाठवायचंच होतं. फक्त एकच नमुना करू, तो जमला तर ठीक, नाहीतर पुढच्या वर्षी बघू, असं तो म्हणाला. लांबी-रुंदी कशावरून ठरवलीस, असंही त्याने विचारलं, तेव्हा तिने बाजाराचा अंदाज वगैरे सांगून वेळ मारून नेली. खरं म्हणजे आई दुपारी डुलकी घेत असताना तिने टेप घेऊन घरातल्या पातेल्यांची बुडं मोजली होती. मलकाबाईंची आठ भांडी दोन रांगांत बसतील, तेवढीच ती प्लाता होती. ही पास झाली की आई स्वयंपाकघर सोडणार नाही, असं तामारने मनाशी घट्ट धरून ठेवलं. तसं तिला कुणी वचन दिलं नव्हतं.

इथेच माशी शिंकली. मोठ्या प्लातेत तारेचा एक जादा फेरा होता. तामारने लहान प्लातेतली निवड कॉपी केली, मोठीत पेस्ट केली, जादा फेऱ्याचे तुकडे हाताने निवडले आणि हिशेब सुरू करून दिला. आकृती उलटी करून बघायचं तेवढं राहिलं. बघणार होती ती, पण तोवर पडद्यावर चित्र उमटलं आणि ते इतकं देखणं निघालं की तिला दुसरं काही सुचेना. सगळा पत्रा एकसारखा नारिंगी होता. मागच्या डाव्या कोपऱ्यात तेवढा रंग जरा जास्त चढला होता, म्हणून तिने तिथलं तारेचं एक वेटोळं कमी केलं. मग तोही कोपरा शहाण्यासारखा बाकीच्यांच्या रंगात आला. त्या चित्राची तिने छापील प्रत काढली आणि आईला दाखवायला पर्समध्ये घालून नेली.

कारखान्याची एक जुनी रीत होती. नवी प्लाता बाजारात जाण्याआधी कुणातरी कामगाराच्या घरी एक शब्बाथ काढून यायची. प्लातेचे गुण शनिवारी दुपारी कळतात, त्याआधी नाही, असं अव्नेरचे वडील म्हणायचे, आणि वडिलांची ही एवढीच गोष्ट अव्नेरने न बदलता ठेवली होती. या खेपेला नमुना कुणाच्या घरी जाणार हे विचारायचं कारणच नव्हतं. गुरुवारी संध्याकाळी कारखान्याच्या गाडीतून प्लाता अश्दोदला आली आणि दोन माणसांनी ती तिसऱ्या मजल्यावर चढवली.

मलकाबाईंनी चष्मा लावून आधी छापील चित्र पाहिलं आणि ही प्लाता आहे की गाजराचा हलवा, असं विचारलं. तामारने निम्मं हिब्रूत, निम्मं मराठीत समजावून सांगितलं. आता मधलं करपणार नाही, कडेचं गार होणार नाही, सगळीकडे सारखी आणि बेताची उष्णता राहील. मलकाबाईंनी प्लातेवर बोट फिरवलं, खाली वाकून तिचे पाय बघितले आणि मग त्यांनी जो प्रश्न विचारला तो तामारच्या हिशेबात कुठेच नव्हता.

"उकळी येल काय गो हिच्यावर?"

"नाही येणार."

"बघ हां. मग मी नारळाचं दूध घालीन."

ही गोष्ट साधी नव्हती. मांस-कोंबडीबरोबर दूधदुभतं खायचं नाही हा धर्माचा नियम, म्हणून कोकणातल्या त्यांच्या ज्यू घरांतून सगळी भिस्त नारळाच्या दुधावर. मलकाबाईंचं माहेर अलिबागजवळच्या थळचं. हिरव्या मसाल्यात कोंबडी शिजवायची, शेवटी नारळाचं घट्ट दूध ओतायचं आणि भांडं लगेच उतरवायचं, हे त्यांचं कालवण अख्ख्या नात्यात नावाजलेलं होतं. पण नारळाच्या दुधाला उकळी सोसत नाही. रात्रभर प्लातेवर ठेवलं की ते फुटतं, तेल वर येतं, पाणी खाली जातं आणि मध्ये चोथा उरतो. इस्राएलला आल्यावर पहिल्या काही शब्बाथांना तसं झालं, तेव्हापासून मलकाबाई शनिवारच्या कालवणात टोमॅटो घालायच्या. आठवड्याच्या दिवशी दोघींसाठी कोण नारळ फोडत बसतं? वडील होते तेव्हा तामारने ते कालवण शेवटचं खाल्लं होतं, आणि एलियोरच्या पोरांना तर ते ठाऊकच नव्हतं.

शुक्रवारी सकाळपासून विळीवर नारळ खवला जात होता. एलियोर जिन्यातच वास घेत वर आला आणि आईला काही विचारायच्या ऐवजी तामारकडे बघून त्याने भुवया उडवल्या. दुपारी प्लाता तापली. मलकाबाईंनी भांडी मांडली ती त्यांच्या पद्धतीने, पुढची रांग रात्रीच्या जेवणाची आणि मागची रांग उद्याची. कालवणाचं सगळ्यात मोठं पातेलं मागच्या डाव्या कोपऱ्यात बसलं, कारण ते दुसरीकडे मावत नव्हतं. पोरांसाठी कमी तिखटाचं कालवण वेगळ्या लहान पातेल्यात काढलं होतं, ते मागच्या रांगेत मधोमध गेलं. त्याच्या बाजूला बिरडं आणि भात. दिवे लागले की मागच्या रांगेला दुसऱ्या दिवशी जेवायला बसेपर्यंत कुणी हात लावायचा नाही, हा घरचा नियम होता. तो तोरातला, म्हणजे धर्मग्रंथातला असता, तर एखाद्या रब्बीला, धर्मगुरूला विचारून वाट काढता आली असती. तो मलकाबाईंचा होता.

दिवे लागले. एलियोरने मनुकांच्या सरबतावर किद्दुशची प्रार्थना म्हटली आणि तामार पुढच्या रांगेतला भात आणायला स्वयंपाकघरात गेली. मागच्या झाकणांवरून हात गेला तेव्हा बिरड्याच्या झाकणाची धग तिला लांबूनच लागली. मोठ्या पातेल्याची मात्र लागली नाही. तिने झाकणावर बोट टेकवलं. ऊन होतं, पण बोट भाजलं नाही. पातेल्याशेजारच्या पत्र्याच्या काठाला हात लावून पाहिला, तिथेही तेच. बाकीच्या तीन कोपऱ्यांना मात्र हात लावायची सोय नव्हती.

तिथे उभ्या उभ्या तिला सगळं लख्ख दिसलं. जादा फेरा घातल्यावर सॉफ्टवेअरने पृष्ठभागांना नव्याने नंबर दिले असणार, आणि तिने पेस्ट केली ती जुन्या नंबरांची माळ. तारेच्या एका तुकड्याचा नंबर मागच्या डाव्या पायाच्या बैठकीला गेला होता. त्यामुळे जिथे तार नाही तिथे कॉम्प्युटरने तार धरली, तो कोपरा तापलेला दाखवला, आणि तो फार तापतोय म्हणून या बाईसाहेबांनी तिथली होती ती तारही कमी करायला सांगितली. आकृती एकदा उलटी केली असती तर पायाखालचा लाल तुकडा लहान पोरालाही दिसला असता. तामारने कपाळाला हात लावला.

पुढे काय करायचं? प्लातेला बटण नव्हतं, आणि असतं तरी शब्बाथ लागला होता. पातेलं हलवायचं तर आईला सांगायला हवं. ती सांगायच्या तयारीने बाहेर आली, तर मलकाबाई सारितला नारळाचं पहिलं दूध आणि दुसरं दूध यांतला फरक हातवारे करून समजावत होत्या. सारित एरवी सासूबाईंच्या सूचनांना 'हो हो' म्हणायची, पण आज मन लावून ऐकत होती. आईचा चेहरा तामारने इतक्यात इतका खुललेला पाहिला नव्हता. तिने भाताचं पातेलं टेबलावर ठेवलं आणि वाढायला घेतलं.

कालवण नासणार नव्हतं, तेवढी धग त्या कोपऱ्यात होती, हे तिला कळत होतं. प्रश्न वेगळाच होता. उद्या भर पंगतीत आई इतक्या वर्षांनी आपलं कालवण वाढणार, ते कोमट निघणार आणि चौदा माणसं खाली मान घालून छान झालंय म्हणणार. त्यानंतर मलकाबाई एक शब्द बोलणार नाहीत आणि पुढच्या शुक्रवारी लोदला जायची पिशवी भरतील. त्या रात्री तामारने ताटातला भात नुसता चिवडला. एलियोरने त्यावरून तिची थट्टा केली की तुझी प्लाता पाहुण्यांनाच जेवू घालते वाटतं.

शनिवारी दुपारी युडिथ आली, तिचा नवरा बिन्यामिन आला, दोन टेबलं जोडून पांढरी चादर पसरली आणि पोरं एकमेकांना कोपरं मारत बसली. भांडी उतरवायला मलकाबाईंनी कुणाला हात लावू दिला नाही. तामार दाराशी उभी राहिली. भात आणि बिरडं वाफाळत आलं. मग त्यांनी पोरांचं लहान पातेलं घेतलं आणि झाकण काढलं.

कालवण फुटलं होतं. वर हिरवट तेलाचा थर, खाली पाणी आणि मध्ये दाणेदार चोथा. मलकाबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. त्यांनी ते एकदा ढवळलं, मग डाव बाजूला ठेवला आणि मोठ्या पातेल्याकडे वळल्याच नाहीत. सारित हळूच म्हणाली की पोरांना काय समजतंय, आणि ते पातेलं उचलून बाहेर घेऊन गेली. तामारला वाटलं, आता आपणच पुढे होऊन दुसरं झाकण काढावं आणि जे काय असेल ते एकदाचं बघून टाकावं. पण मलकाबाईंनीच पदर कमरेला खोचला आणि झाकण उचललं.

आतलं कालवण काल ओतलं तसं होतं. दाट, मऊ, एकजीव, कुठे तेलाचा ठिपका नाही. वाफ येत होती ती अगदी बारीक. मलकाबाईंनी डाव बुडवून वर धरला, त्याच्या पाठीला कालवण चिकटून राहिलं. तळहातावर थेंब घेऊन त्यांनी चाखला. मग लेकीकडे न बघता हलक्या आवाजात म्हणाल्या, "नाय फुटलं गो."

तामारचा जीव भांड्यात पडला, आणि त्याच क्षणी तिच्या डोक्यात उजेडही पडला. दोन्ही पातेल्यांत एकाच हातचं, एकाच मसाल्याचं कालवण होतं. जिथे तिचं चित्र खरं ठरलं तिथलं फुटलं, आणि जिथे चित्र साफ खोटं होतं तिथलं टिकलं. म्हणजे तिने ठरवल्यासारखी प्लाता झाली असती, तर आज दोन्ही पातेली फुटली असती. आईला दिलेला शब्दच मुळात चुकीचा होता, आणि तिच्या हातून झालेल्या दुसऱ्या चुकीने तो राखला होता. तिला हसू येत होतं आणि डोळेही भरून येत होते, म्हणून ती उगाचच पाण्याचे पेले आणायला गेली.

जेवण कसं झालं हे सांगायला फार शब्द लागत नाहीत. वाफाळत्या भातावर ते बेताचं ऊन कालवण पडलं आणि दोन्ही मिळून जिभेला सोसेल असं झालं. एलियोरने पहिला घास घेतला. छान झालंय म्हणाला नाही, आईकडे बघितलंही नाही, फक्त ताट पुढे केलं, आणि थोड्या वेळाने पुन्हा पुढे केलं. बिन्यामिनच्या घरची मंडळी मूळची रुमानियाची, त्याच्या कपाळावर तिखटाने घाम फुटला होता, तरी त्याने पावाने ताट पुसून घेतलं. पोरांनी फुटलेलं कालवण मिटक्या मारत संपवलं. मलकाबाई नेहमीप्रमाणे शेवटी जेवायला बसल्या. तोवर पातेल्यात त्यांच्यापुरतंच उरलं होतं, आणि ते बघून त्या किती खूश झाल्या हे त्यांना लपवता आलं नाही.

संध्याकाळी तारे दिसले, शब्बाथ उतरला आणि एलियोर निघताना जिन्यात थांबला. पेसाखनंतरचं लोदचं नक्की ना, खोली रिकामी करून ठेवतो, असं त्याने विचारलं. मलकाबाई बघू म्हणाल्या. एवढ्या जेवणानंतरही 'बघू' ऐकल्यावर तामारला राहवेना. भांडी घासताना तिने आईला सगळं सांगितलं. कोपरा चुकून तसा झाला. मी न बघता पेस्ट केलं. आणि उकळी येणार नाही म्हटलं तेही खोटंच निघालं. उद्या मी सगळं दुरुस्त करते आणि तुला बरोबर प्लाता आणून देते.

मलकाबाई पातेलं घासायचं न थांबवता ऐकत होत्या. शेवटी त्यांनी विचारलं, "त्या बरोबर प्लातेवर दूध फुटेल?"

"फुटेल."

"मग ती मला कशाला?"

 मलकाबाईंनी पातेलं उपडं घातलं आणि हात पुसत त्या म्हणाल्या की एखाद्या वेळी देव सांभाळून घेतो, त्याच्या भरवशावर दर आठवड्याला चौदा माणसं जेवायला बसवायची नसतात. एवढं बोलून त्या झोपायला गेल्या. तेव्हा कुठे तामारला कळलं की आईचं काय अडलं होतं.

रविवारी, इथल्या कामाच्या पहिल्या दिवशी, कारखान्यात तिने अव्नेरला काही न लपवता सांगितलं. आकृती उलटी करून पायाखालचा तो लाल तुकडाही दाखवला. अव्नेर आधी रागावला, मग तुकड्याकडे बघून खो खो हसला आणि कॉपी-पेस्टच्या राणीचं राज्य आजपासून खालसा, असं त्याने जाहीर केलं. कोपरा मुद्दाम तसाच ठेवावा, नारळाच्या दुधाला बरा पडतो, असं तिने सुचवून पाहिलं. तो म्हणाला की देशात नारळाचं दूध घालणारी घरं किती आणि गार कोपरा सापडला की मला फोनवर शिव्या घालणारी किती. ते खरंच होतं. प्लाता पसंत आहे, कोपरा दुरुस्त कर, नमुना परत आण, कापून बघू, असा हुकूम सुटला.

नमुना परत येणार नाही, असं तामार म्हणाली. आत काय आहे ते मला कापल्याशिवाय माहीत आहे, कारण ते मीच केलं आहे. अव्नेरने तिच्याकडे नीट बघितलं. या मुलीने आजवर कारखान्यातून एक खिळा घरी नेला नव्हता. तो मान हलवून निघून गेला, म्हणजे नमुना तिचा झाला.

मग ती कामाला बसली. दुरुस्तीला हात घालण्याआधी तिने चुकलेली आकृती त्यातल्या चुकलेल्या निवडीसकट कॉपी करून वेगळी ठेवली. या खेपेला आकृती उलटी केली आणि एकेक लाल तुकडा बघून घेतला, पायाखालचा तो एक तर दोनदा. चूक जशीच्या तशी आहे याची खात्री झाली, तेव्हा त्या फाइलला तिने 'आई' असं नाव दिलं. त्यानंतर बाजारातली प्लाता तिने तुकड्या-तुकड्यावर टिचकी मारत हाताने निवडली. त्यात दिवस गेला, मान आखडली आणि कोपरा बाकीच्या पत्र्यासारखा तापला.

संध्याकाळची बस अश्दोदला पोचली तेव्हा मलकाबाई कणीक मळत होत्या. तामारने चपला काढायच्या आधीच सांगितलं की प्लाता आपल्याकडेच राहणार आहे. मलकाबाईंनी मान डोलावली. मग कणकेवरून हात न काढता त्यांनी विचारलं, "पुढल्या शनवारी पण तो कोपरा असाच राहील काय?"

"राहील. दर शनिवारी असाच. देवाचा त्यात काही संबंध नाही, आई. तिथे तार कमी आहे, ती आपोआप वाढणार नाही."

"आणि मोडली तर?"

"सात-आठ वर्षं चालेल. मग तार जाईल. तेव्हा मी अशीच चुकलेली दुसरी करून देईन. सांभाळून ठेवली आहे मी ती चूक."

मलकाबाईंनी कणकेचा गोळा झाकून ठेवला, नळाखाली हात धुतले आणि पुसायला नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ घेतला. 

"एलियोरला फोन लाव," त्या म्हणाल्या. "त्याला सांग, ती खोली पोरांना दे. मला लोदला यायला आठ वर्षं टाईम नाय."

तामारने चपला तशाच पायात ठेवल्या आणि फोन लावला.